पाण्याची कांडी

लातूर जिल्हा नवा झाला आणि यांची बदली नांदेडहून तिकडे झाली, तेव्हा लोक आमचं अभिनंदन करत होते. का करत होते ते मला आजतागायत कळलेलं नाही. ऑफिसं भाड्याच्या घरांत, फायली पोत्यांत, साहेब लोक लॉजवर, आणि आमच्यासारखी कारकुनांची बिऱ्हाडं खोली शोधत गल्लोगल्ली. घरमालक आधी आडनाव विचारायचे. मग त्यांना एकदम आठवायचं, की ही खोली तर पुतण्याला द्यायची ठरली आहे. नव्या जिल्ह्यात एवढे पुतणे कुठून आले होते कोणास ठाऊक. शेवटी आडनाव ऐकूनही पुतण्या न आठवणारा एक भला माणूस भेटला. दोन खोल्या, पुढं ओटा, शेजारच्या बिऱ्हाडाशी सामाईक अंगण आणि अंगणात एक नळ. नळाला पाणी नव्हतं, पण नळ होता.

त्या वर्षी पाऊस असा पडलाच नव्हता. फेब्रुवारीतच नळ आठवड्यावर गेला, एप्रिलात त्यानं तोंड मिटलं आणि टँकर सुरू झाला. टँकर पहाटे येई. कधी येणार ते कोणी सांगत नसे, आणि आला की मात्र सगळ्यांना आपोआप कळे. मी झेडपीच्या शाळेत मास्तरीण. सकाळची शाळा, त्याआधी टँकर, त्याआधी चूल. माझं डोकं त्या दिवसांत कायम तापलेलं असायचं, आणि ते उन्हानं नव्हे.

आमच्याकडे एक फ्रीज होता. नांदेडच्या रेल्वे ऑफिसातल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्यांनी तो आम्हाला देऊन टाकल्यासारखाच दिला होता. घरघर असा करायचा, की पाहुण्यांना वाटे आत कोणीतरी झोपलंय. लाइट दिवसातून तीनदा जायची. पण गल्लीत तो एकटाच, त्यामुळे तो आमचा कमी आणि गल्लीचा जास्त. कोणाचं विरजण, कोणाची कणीक, कोणाचे गजरे. एकीनं तर नवऱ्याची शर्टं पाणी शिंपडून, गुंडाळून आणून ठेवली. म्हणे इस्त्री कडक होते. मी शर्टं काढून ओट्यावर ठेवली आणि तिनं माझ्याशी आठ दिवस अबोला धरला. त्या आठ दिवसांत मला फार बरं वाटलं.

फेब्रुवारी संपताना माझ्या लेकीला कावीळ झाली. सहा वर्षांची पोर. शाळेच्या फाटकासमोर एक गाडी उभी राहायची, तिथला लाल बर्फाचा गोळा तिनं मैत्रिणींबरोबर खाल्ला होता, एकदा नव्हे, बऱ्याचदा. डोळे हळदीसारखे. तीन आठवडे अंथरुणावर. कावीळ उतरली, पण पोरीची भूकही बरोबर घेऊन गेली. भाकरी समोर आली की तोंड फिरवायची. वरणभात दोन घास, आणि दुसरा घास बाहेर. फ्रॉक अंगावर असा लोंबायचा, की माझ्याच्यानं बघवत नसे.

डॉक्टर स्वभावानं चांगले, पण सल्ला देताना समोरच्याच्या घरी पाणी आहे की नाही याचा विचार करणारे नव्हते. तेलकट बंद, बाहेरचं बंद, पाणी वीस मिनिटं उकळून, दर पंधरा दिवसांनी वजनाला आणा. "पोटात काहीतरी जाऊ द्या बाई. पोर अशीच राहिली तर मला सलाईन लावावं लागेल." मी विचारलं, "काय देऊ?" तर म्हणाले, "जे आवडतं ते."

तिला आवडत होता बर्फाचा गोळा.

म्हटलं ठीक आहे. गोळा पाहिजे ना, गोळाच देते, पण माझ्या हातचा. आत काय घालायचं ते मी ठरवणार.

सुरुवात केली सातूपासून. भाजलेल्या गव्हाचं नि डाळीचं पीठ, माहेरून नांदेडहून डबा भरून आलेलं. ते गुळाच्या पाण्यात कालवायचं, वेलदोडा घालायचा, लग्नात आहेर आलेल्या छोट्या वाट्यांत ओतायचं आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं. ऐकायला किती सोपं. पहिल्या दिवशी लाइट चार तास गेली आणि वाट्यांत सातूची कढी झाली. दुसऱ्या दिवशी गोठलं ते असं गोठलं, की वाटीतून निघेना. सुटायला वाटी पाण्यात बुडवावी लागते. बुडवायला पाणी कुठून आणायचं? मग वाटी दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसायचं. तळवे बधिर व्हायचे, आणि पोर समोर बसून विचारायची, "झालं का? झालं का?"

काडीचं आणखी वेगळंच. बाजारातल्या काड्यांचा मला भरवसा नव्हता. म्हणून अक्कल लढवून दातणाच्या कडुलिंबाच्या काड्या धुऊन खोचल्या. पोरीनं एकदा चाटलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला औषध फसवून पाजलंय. मग ज्वारीच्या धांड्याचं सोललेलं चिपाड लावलं, त्यानं ओठ कापला. शेवटी घरातले सगळे चहाचे चमचे खोचले, आणि घरात साखर ढवळायला चमचा उरला नाही. हे म्हणायचे, "बोटानं ढवळू का?" मी म्हणायचे, "ढवळा."

आणि हळूहळू जमलं. सातूची जमली, मग ज्वारीच्या आंबिलीची जमली. रात्रभर ताकात भिजवलेलं पीठ शिजवून, त्यात जिरं आणि किंचित मीठ. चिंचगुळाच्या पाण्यात पेंडखजूर कुस्करून घातलेली तर मलाच आवडायला लागली. पपई होती तेव्हा पपईची. सगळ्यांनाच आम्ही कांडी म्हणायचो. आता कोणी घरी पोरांना अशी कांडी करून दिली की त्याचं फार कौतुक होतं. तेव्हा गल्लीत एकच मत होतं, की मी पोरीला मारायला निघाले आहे. "कावीळ झालेल्या लेकराला थंड? घसा धरंल. कफ व्हईल." ज्या बाईची कणीक माझ्या फ्रीजमध्ये असायची, तीच मला हे सांगायची, तेही कणीक न्यायला आली की.

पण लेक खाईना. दोनदा चाटायची, ठेवून द्यायची. एवढा सगळा उपद्व्याप करून वितळलेली आंबील मी एकटीनं प्यायची. मी त्या दिवसांत चांगली वजनात भरले.

एके दिवशी शेजारची पोर आमच्या ओट्यावर आली. माझ्या लेकीच्याच वयाची, वर्गातलीच. तिचे वडील तहसीलमध्ये होते, तेही नव्या जिल्ह्याबरोबर आलेले. मूळ गाव अहमदपूर तालुक्यात, घरची शेती. मी दोघींना एकेक कांडी दिली आणि आत वळले. परत आले तर दोघी समोरासमोर बसून, कोणाची आधी संपते अशी शर्यत लावून चाटत होत्या. माझ्या लेकीनं चमचा कोरडा केला आणि म्हणाली, "आई, अजून एक."

मी दारातच बसले. किती दिवसांनी तिनं अजून म्हटलं होतं. त्या दोन शब्दांसाठी मी काहीही करायला तयार झाले असते, आणि केलंही, म्हणूनच हे लिहिते आहे.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या. बोलायला गोड बाई. माझ्या लेकीच्या आजारात रोज चौकशी करायच्या, दारातून.

"बाई, आमचीनं दुपारी तुमच्याकडं काय खाल्लं हो?"

"सातूची कांडी."

"त्यात पाणी हाय का?"

मी म्हटलं, "पाण्याशिवाय कशी गोठेल?"

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "मला काही न्हाई हो बाई. मी असलं काही मानत न्हाई. पण सासूबाईंचं लई कडक हाय. गावाकडं कळलं तर मलाच बोलतील. तुम्ही असं करा, दुधात करत जा. दुधाचं असलं की काही प्रश्न न्हाई बगा. आपण दशम्या न्हाईत का दुधात करत, परवासात चालतात म्हणून? तसंच."

दशम्या मलाही माहीत होत्या. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवली की ती भाकरी कोणाच्या हातून, कुठंही चालते. आमचं घर बौद्ध. माझ्या वडिलांनी माझ्या जन्माच्या आधी धर्म बदलला, मला शिकवलं, मास्तरीण केलं. आणि मी भर दुष्काळात दारात उभी राहून ऐकत होते, की माझ्या हातचं दूध चालेल, माझ्या घरचं पाणी नाही.

मला तिथंच बोलायला हवं होतं. वर्गात मी पोरांना एवढ्या तेवढ्यावरून बोलते. पण आत माझी लेक दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर खाऊन झोपली होती. परवा वजनाला न्यायचं होतं. मी म्हटलं, "बरं."

हे ऐकून मालक तापले. मालक म्हणजे आमचे हे. "कशाला करतेस असल्या लोकांसाठी? दोन दिवस उपाशी राहील पोरगी, तिसऱ्या दिवशी खाईल."

"मग तुम्ही खाऊ घाला," मी म्हटलं.

रविवारी त्यांनी खरंच प्रयत्न केला. गोष्ट सांगितली, कोंबडा होऊन दाखवलं, रागावले, शेवटी गयावया केली. पोरीनं दीड घास खाल्ला. संध्याकाळी ते स्वतःच शेजारच्या दाराशी जाऊन "पाठवा हो तिला खेळायला" म्हणून आले, आणि त्यानंतर त्यांनी या विषयावर तोंड उघडलं नाही.

तर मी दुधाच्या कांड्या करायला लागले. आता दुष्काळात दूध म्हणजे काय ते सांगते. चारा नाही, म्हशी बाजारात गेलेल्या. गवळी यायचा तो अर्ध्या मापानं, आणि त्या अर्ध्यातही अर्धं पाणी. निळसर दिसायचं. कुठल्या विहिरीचं, कुठल्या हौदाचं, कोणाच्या घरचं पाणी त्यात असायचं ते त्याचं त्यालाच ठाऊक. ते चालत होतं. मी दुहेरी फडक्यानं गाळून, वीस मिनिटं उकळून, निववून घातलेलं चालत नव्हतं. हे मी एकदा वहिनींना बोलूनही दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बी ना बाई, लई मजेशीर बोलता."

पण लेक खाऊ लागली. शेजारची पोर रोज तिसऱ्या प्रहरी यायची, दोघी ओट्यावर बसायच्या, शर्यत लागायची. कांडीमागून माझी लेक भाकरीचा काला खायची, ताक प्यायची, एकदा तर भेंडी खाल्ली. डॉक्टरांनी काट्यावर उभं करून मान डोलावली. फ्रॉक खांद्यावर बसायला लागला. मी रोज चिडायचे आणि रोज दूध आटवायचे.

मे महिन्यात दूध आणखी आटलं. दोन कांड्यांपुरतं निघेना. मग मी शेजारच्या पोरीसाठी एक दुधाची करायची, आणि माझ्या लेकीसाठी पाण्यातली, चिंचेची नाहीतर आंबिलीची. पहिल्याच दिवशी लेकीनं विचारलं, "माझी वेगळी का?"

माझे हात वाटी चोळून बधिर झालेले, स्टोव्हवर पाणी उकळत होतं, दारात कणीकवाली उभी होती. मी म्हटलं, "तिला आपल्याकडच्या पाण्याचं चालत नाही."

"का?"

"नाही चालत. खा तू."

तिनं खाल्ली. पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं सुटले.

मेच्या शेवटी शेजारच्या वहिनींच्या सासूबाई गावाहून आल्या. गावात प्यायच्या पाण्याचे फार हाल, म्हणून मुलानं जाऊन आणलं होतं. ज्यांच्या नावानं मी दीड महिना दूध आटवत होते, त्या बाईला मी पहिल्यांदा पाहिलं. बारीकशी, उन्हानं रापलेली, नऊवारीचा काष्टा आवळलेला, अनवाणी. मी मनातल्या मनात त्यांना सुनवायची चारपाच वाक्यं तयार करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी दोन्ही पोरी ओट्यावर बसल्या होत्या. अवेळी टँकर आल्याची हाक झाली म्हणून वहिनी घागरी घेऊन पळाल्या होत्या. माझी पिंपं सकाळीच भरलेली, म्हणून मी आत भाकरी थापत होते. दार उघडं होतं. म्हातारी येऊन ओट्याच्या पायरीवर टेकलेली मला दिसली.

"काय खायलीस गं?" त्यांनी माझ्या लेकीला विचारलं.

"कांडी. चिंचेची."

"गार हाय व्हय? बघू, मला बी दे की जराशी. जीव नुसता पोळून गेलाय."

माझी लेक उठली. ती कोणाला नाही म्हणणारी पोर नव्हतीच. पण तिनं कांडी पाठीमागं धरली, आणि मी तिला मोठ्या माणसांशी बोलायला शिकवलं होतं तशी, अगदी नीट, अदबीनं म्हणाली, "आजी, तुम्हाला नाही चालणार. ही आमच्या घरच्या पाण्याची आहे. दुधाची एकच असते, ती हिची."

"कोन म्हनलं तुला असं?"

"आई."

तव्यावर भाकरी होती. ती तशीच राहिली. माझी लेक खोटं बोलली नव्हती. वहिनी म्हणाल्या नव्हत्या, सासू म्हणाली नव्हती, घरमालक म्हणाला नव्हता. तिला हे मी म्हटलं होतं, तिच्या आईनं, तिच्याच स्वयंपाकघरात.

मी पिठाचे हात घेऊन बाहेर आले. तयार ठेवलेली चारपाच वाक्यं कुठं गेली ते कळलं नाही. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे.

"बाई," त्या म्हणाल्या, "आमच्या गावच्या दोन्ही हिरी संक्रांतीलाच आटल्या. पाणी हाय ते फकस्त तुमच्या लोकांच्या हिरीला, वढ्याच्या कडंला. चैतापासनं सगळं गाव तेच पितंय. तुमच्या बायका आधी भरतेत, मंग आमचा नंबर. मी सोता रांगेत हुबी राहिलेय, घागर घेऊन." मग म्हणाल्या, "त्याच्या आधी न्हवते राहिले. खोटं कशाला बोलू. पर आता काय चालत न्हाई म्हनता?"

तेवढ्यात वहिनी दोन घागरी घेऊन अंगणात आल्या. त्यांनी शेवटचं ऐकलं असावं. घागरी उतरवायचं सोडून तशाच उभ्या राहिल्या. एक काखेत, एक डोक्यावर, आणि पाणी गळ्यावर सांडत होतं. मला वाटलं होतं असा दिवस आला तर मला फार आनंद होईल. झाला नाही. त्या बाईनं सासूच्या आड लपून जे केलं, तेच मी लेकीच्या वजनाच्या आड लपून केलं होतं.

म्हातारीनं हात पुढं केला. "दे गं माय."

माझ्या लेकीनं कांडी दिली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, परवानगीसाठी. मी मान हलवली. तेव्हा कुठं तिनं चमचा पुढं केला, आणि म्हातारी बोळक्या तोंडानं चिंचेची कांडी चाटत पायरीवर बसली. वहिनी घागरी घेऊन घरात गेल्या. शेजारची पोर आपली दुधाची अर्धी टाकून म्हणाली, "मला पण उद्या चिंचेची पाहिजे."

लेक मात्र आत आली. भाकरी करपली होती, धूर झाला होता. मी तवा उतरवत होते. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आई, मग आपलं पाणी चांगलं असतं?"

"हो," मी म्हटलं.

"मग तू तसं का म्हणलीस?"

तू खावंस म्हणून. खरं उत्तर तेच होतं. पण तेही तिच्याच माथी मारायचं, एवढं मला होईना.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

ती माठाकडे गेली, पेला बुडवून पाणी घेतलं, एक घोट तोंडात धरून ठेवला आणि चव बघितली.